नामदार गोखले आणि गावची प्राथमिक शाळा

वाचकहो, वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात जुना आहे. सर सय्यद अहमद खान, बद्रुद्दीन तय्यबजी, मौलाना आझाद यांची चरित्रे तुम्ही अशाच पानांतून वाचलेली असतील. या खेपेस ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे ते आपल्या कौमचे नव्हते, पण आपल्या कोकणचे होते. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. शाळेच्या पुस्तकात गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून त्यांचा उल्लेख येतो आणि धडा पुढे सरकतो. आपण मात्र मुख्यत्वे त्यांच्या एका पराभवाची हकीकत पाहणार आहोत. तो पराभव त्यांनी गावच्या प्राथमिक शाळेसाठी पत्करला होता. महाड-पोलादपूरकडील ज्या पालकाच्या मुलाचे नाव आज जिल्हा परिषदेच्या मराठी वा उर्दू शाळेच्या पटावर आहे, त्याने ही हकीकत अवश्य जाणून घ्यावी.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे, आजोळी झाला. महाडहून पोलादपूर ओलांडून कशेडी घाट उतरला, खेड-चिपळूण मागे टाकले, की पुढे गुहागर तालुक्यात हे गाव लागते. घरची परिस्थिती बेताचीच. वडील कृष्णराव हे घाटावर, कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. कोकणात भागत नाही म्हणून घाटावर वा मुंबईस जावे, हा रिवाज तेव्हाही होताच. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळचे वय अवघे तेरा वर्षांचे होते.

आता पुढचा भाग जरा सावकाश वाचा. थोरले बंधू गोविंदराव हे स्वतः शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्या पंधरांतून आठ रुपये ते धाकट्या गोपाळला शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत सारे घर चालवीत. पुढे कॉलेजचा खर्च आला तेव्हा वहिनींनी आपले दागिने विकावयास काढले. गोपाळही पैपैचा हिशेब ठेवी, हाताने स्वयंपाक करी आणि दिव्याच्या तेलाचा खर्च नको म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचीत बसे. या खाडीकाठच्या किती घरांत हीच गोष्ट घडलेली आहे! थोरला भाऊ बोटीवर खलाशी म्हणून गेला, आफ्रिकेत गेला, अलीकडे आखातात गेला आणि त्याने पाठविलेल्या पैशांवर धाकटा शिकला. धाकट्याचे नाव फलकावर लागते, थोरल्याचे लागत नाही. गोविंदरावांचे नावही आज फारसे कोणास ठाऊक नाही.

गोपाळच्या लहानपणची आणखी एक आठवण सांगतात. मास्तरांनी घरी करावयास उदाहरणे दिली होती. वर्गात ती सारी बरोबर निघाली ती एकट्या गोपाळची. मास्तरांनी शाबासकी देऊन त्याला पहिल्या जागेवर बसावयास सांगितले, तोच तो रडू लागला. एक उदाहरण त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडविले होते आणि ते लपवून पहिला नंबर घेणे त्याला नको होते. हा मुलगा पुढे सरकारचे आकडे तपासू लागला तेव्हा मोठमोठ्या अधिकाऱ्यांना त्याचा धाक का वाटे, हे यावरून समजेल.

१८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी हात जोडून उभी असे. घरच्यांची साहजिकच तशी अपेक्षा होती. गोखले मात्र १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपये पगारावर शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी शिकविले आणि १९०२ पर्यंत हेच काम केले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालत होते. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. कागदपत्र बारकाईने वाचावे, आकडा दोनदा तपासावा आणि मगच तोंड उघडावे, ही शिस्त त्यांना रानड्यांनी लावली.

१९०२ साली गोखले व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले. लोक त्यांना नामदार गोखले म्हणत. दरवर्षी अंदाजपत्रकावर त्यांचे भाषण होई. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती आणि रयत दुष्काळाने व प्लेगने गांजलेली होती. गोखले विचारीत की, ही शिल्लक आली कोठून? ती रयतेच्या मिठावरच्या करातून आली असेल तर कर कमी करा आणि उरलेले रयतेच्या मुलांना शिकविण्यावर खर्च करा. मिठाचा कर त्या वर्षांत टप्प्याटप्प्याने खरोखरच उतरला. शाळांचा पैसा मात्र सुटेना.

त्या वेळची शाळांची स्थिती काय होती, हे १९०४ साली खुद्द सरकारनेच आपल्या ठरावात कबूल केले होते. पाच गावांपैकी चार गावांत शाळा नव्हती. चार मुलग्यांपैकी तिघे शिक्षणावाचून वाढत होते. चाळीस मुलींपैकी एक शाळेत जाई. १९११ च्या शिरगणतीत साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास भरले. गोखले यांनी जगाकडे बोट दाखविले. इंग्लंडने आपल्या मुलांना सक्तीने शाळेत घातले, जपानने घातले. परकी देश नको असतील तर बडोदे पाहा. तेथे सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले होते. एका देशी संस्थानिकाला जे साधते ते साम्राज्य सरकारला का साधू नये, या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते.

मार्च १९१० मध्ये त्यांनी प्रथम ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले म्हणून तो परत घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने शिक्षणाचे स्वतंत्र खाते उघडले, एवढे त्यातून निष्पन्न झाले. मग १६ मार्च १९११ रोजी गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कौन्सिलपुढे ठेवले.

या विधेयकातील कलमे नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण शाळा चालविताना येणारी एकेक अडचण मनात धरून ती रचलेली होती. साऱ्या देशावर एकदम सक्ती करावी असे त्यांत नव्हते. ज्या गावी वा शहरी ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथील नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने सरकारच्या परवानगीने सक्ती लागू करावी, असे होते. सक्ती सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांना. मुलींना ती पुढे लावता येईल अशी सोय ठेवलेली होती. ज्या बापाची मिळकत महिना दहा रुपयांहून कमी, त्याच्या मुलाला फी नाही. घरापासून एक मैलाच्या आत शाळा नसेल तर मुलाला सक्ती नाही. आजारपण, घरची नड, शेतीचा हंगाम ही कारणे ग्राह्य धरावीत. मूल हजर राहते की नाही हे पाहण्यासाठी गावातल्याच लोकांची समिती असावी आणि तिने आधी समजूत घालावी, खटल्याचे मागाहून पाहावे. खर्चाचे दोन भाग सरकारने उचलावेत आणि एक भाग स्थानिक संस्थेने. त्यासाठी तिला शिक्षणाची पट्टी बसविता यावी.

शेतीच्या हंगामाचे कलम एखाद्याला किरकोळ वाटेल. पण आपल्या तालुक्यांत आषाढात लावणीच्या दिवसांत वर्ग निम्मे का होतात, हे कोणत्याही मास्तराला विचारा. कातकरी वाडीतली मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची नावे पटावर राहतात, मुले राहत नाहीत. पुण्यामुंबईच्या कौन्सिलर मंडळींना हे सुचले नसते. कोकणात जन्मून कागलसारख्या खेडेवजा गावात वाढलेल्या माणसाला सुचले.

विधेयक वर्षभर देशभर मतासाठी फिरले. विरोध तीन बाजूंनी झाला. सरकारचे म्हणणे असे की पैसा नाही, शिकलेले मास्तर नाहीत, इमारती नाहीत, तेव्हा आधी आहेत त्या शाळा सुधाराव्यात. जमीनदारांना भीती वाटली की, गुराख्याचा पोर शाळेत गेला तर गुरे कोणी राखावी? दरभंग्याच्या महाराजांसारखे बडे लोक या पक्षात होते. आणि तिसरी शंका आपल्या समाजातून निघाली होती, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. सक्तीच्या शाळेत मुसलमान मुलांना उर्दू मिळेल काय? मकतबातील दीनी तालीम बुडेल काय? लोकल बोर्डात आपली माणसे थोडी, मग आपले ऐकणार कोण? या शंका खोट्या नव्हत्या. पण त्यांवर उपाय म्हणून शाळाच नको म्हणावे, की शाळा घ्यावी आणि तीत आपली सोय मागावी, असा प्रश्न होता. कौन्सिलातील दोन मुसलमान सभासदांनी दुसरा मार्ग निवडून गोखले यांना उघड पाठिंबा दिला. एक होते मुंबईचे तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना आणि दुसरे बिहारचे मजहरुल हक. पुढे या दोघांच्या राजकारणाच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या, पण मार्च १९१२ मध्ये प्राथमिक शाळेच्या प्रश्नावर ते गोखल्यांच्या बाजूला उभे होते.

सरकारच्या आक्षेपाला गोखल्यांचे उत्तर सरळ होते. आधी मूल शाळेत येऊ द्या. इमारत साधी असेल, मास्तर कमी शिकलेला असेल, तरी निरक्षरता गेली पाहिजे. चांगली शाळा त्यामागून येते. इथे मला थोडे थांबून सांगावेसे वाटते की, गोखले यांचे हे म्हणणे त्यांच्या काळी बरोबर असले तरी आजच्या पालकाला ते पुरे पडणार नाही. शाळा आहे, पण शिकणे होत नाही, ही आजची तक्रार आहे. आणखी दोन दुबळ्या जागा त्यांच्या विधेयकात होत्या. मुलींना मागाहून घेण्याची तरतूद ही एक. दुसरी अशी की, सक्ती करावी की नाही हे स्थानिक संस्थेच्या मर्जीवर सोडले होते आणि खर्चाचा तिसरा हिस्सा तिने द्यावयाचा होता. म्हणजे जो तालुका गरीब, ज्याला शाळेची गरज जास्त, तोच मागे राहणार. गोखले यांना हे दिसत नसेल असे नाही. एवढे मवाळ विधेयक तरी पास होईल, या आशेने त्यांनी तडजोड केली असावी.

ते पास झाले नाही. १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली तेव्हा बाजूने तेरा आणि विरुद्ध अडतीस पडली. सरकारी सभासद सारे एका बाजूला. निकाल असाच लागणार हे गोखले यांना भाषणाला उभे राहण्यापूर्वीच ठाऊक होते. तरीही त्यांनी दोन दिवस प्रत्येक आक्षेपाचे उत्तर दिले. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेस गेले, तेथील हिंदी लोकांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मधुमेहाने प्रकृती ढासळत होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण जाहीर केले. ज्या कोल्हापूर-कागलच्या परिसरात गोपाळ आठ रुपयांत शिकला, तेथेच हे घडले. आपल्या मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली नगरपालिकांपुरता कायदा झाला, पण सक्ती सुरू करणाऱ्या नगरपालिका थोड्याच निघाल्या. मर्जीवर सोडलेल्या कायद्याचे असेच होते. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. १९६२ पासून तो कारभार जिल्हा परिषदेकडे आहे. राज्यघटनेने १९५० साली दहा वर्षांची मुदत घालून चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत शिक्षणाचे वचन दिले. ते दहा वर्षांत पाळले गेले नाही. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजले तर नव्याण्णव वर्षे झाली होती.

आता कोणी म्हणेल की कायदा मिळाला, मग रडगाणे कशासाठी? महाडकरांना कागदावरचा हक्क आणि पायांखालचा हक्क यांतील फरक निराळा सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही त्याप्रमाणे तळे खुले केल्याचे ठरविले होते. पण चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागला तो मार्च १९२७ मध्ये, डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसे स्वतः चालत गेली तेव्हा.

शाळेचेही तेच आहे. पोलादपूर तालुक्यात एक गाव म्हणजे डोंगरावर विखुरलेल्या पाचसात वाड्या. पुरुष मंडळी मुंबईस, सुरतेस; तरुण जोडपी मुलांसह तिकडेच राहतात. मागे उरलेल्या वाडीच्या शाळेचा पट दहा-बारावर येतो. दोन मास्तर आणि पाच वर्ग. त्यांतला एक बैठकीला, निवडणुकीच्या यादीला वा माहिती भरावयास गेला की दुसरा एकटा साऱ्या वर्गांना काय शिकविणार? खाली महाडात पुराचे पाणी शाळेत शिरते. वर घाटात दरडीची धास्ती. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर पावसात डोंगराखालच्या शाळेत लेकरू पाठविताना आईच्या पोटात गोळा येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. एका मोठ्या शाळेत वर्गाला एक शिक्षक, वाचनालय, खेळाचे सामान मिळेल हे खरे. पण नंदुरबारच्या तोरणमाळला वा पुण्याच्या पानशेतला जमले ते सावित्रीच्या खोऱ्यात भर पावसात जमेल काय? सातवर्षांचे मूल गाडीतून कोणत्या रस्त्याने जाणार, गाडी बंद पडली तर काय, मुलीला घरी बसविले जाणार नाही कशावरून, हे त्या वाडीतल्या माणसांना विचारून ठरवावयास हवे.

आपल्या उर्दू शाळांची गोष्ट याहून वेगळी नाही. घरी आपण कोकणी वळणाची मराठी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो, आणि आखातातून पैसा आला की मूल इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवितो. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. आपल्या मुलाचे बरे व्हावे हे प्रत्येक बापाला वाटणारच. पण सधन घरचे मूल गेले की पट उतरतो, पट उतरला की शिक्षकाचे पद जाते, आणि मागे उरते ते विधवेचे, मजुराचे मूल. त्या शाळेसाठी भांडणारा माणूसही गाडीबरोबर निघून गेलेला असतो.

मग करावयाचे काय? गोखल्यांच्या विधेयकातील गावची समिती आता कायद्याने आपल्याला मिळालेली आहे. तिला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. तिच्यातील चारांपैकी तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तिने करावयाचा असतो. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक कायद्यानेच ठरलेले आहेत. ते नसतील तर लेखी मागणी या समितीने करावी. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज शिक्षकाला इतर सरकारी कामाला जुंपता येत नाही, हेही कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती नावापुरती असते. मुख्याध्यापक वही घरोघर पाठवितात आणि आपण सही करतो. सही करताना वर काय लिहिले आहे ते वाचणारे किती?

ज्या भगिनी हे पान वाचत आहेत त्यांना विशेष सांगणे आहे. घरातील पुरुष परगावी असेल तर समितीत बसण्याचा मान आणि काम तुमचेच आहे. वस्तीतील सहा वर्षांच्या मुलांची यादी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवरून करावी आणि जूनमध्ये ती शाळेच्या पटाशी ताडून पाहावी. जे नाव यादीत आहे आणि पटावर नाही, त्या घरी दोघीतिघींनी जाऊन यावे. गोखल्यांच्या विधेयकातही समितीचे काम समजुतीपासूनच सुरू होत होते. आणि तुमच्या शाळेचे एकत्रीकरण निघाले असेल तर सभेला जाण्यापूर्वी एक काम करावे. आपल्या दारापासून नव्या शाळेच्या दारापर्यंतचे अंतर, वाटेतील वहाळ आणि साकव धरून, जुलै महिन्यात लहान मुलाला हाताला धरून चालून पाहावे, किती वेळ लागला तो कागदावर लिहावा आणि तो कागद सभेत पुढे ठेवावा.